मार्चअखेरची देणी आणि ४३बी(एच) : एम.कॉम. गट-सेमिनारच्या प्रकल्प नोंदी

विषय : लेखाशास्त्रातील चालू प्रश्न. ४३बी(एच) हे आयकर कायदा १९६१ मधले कलम : सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी. गट सहा जणांचा. सादरीकरण ४५ मिनिटे, प्रश्नोत्तरे १५ मिनिटे. पुढच्या तुकडीला हाच विषय आला तर आमचे वाया गेलेले तास त्यांचे जाऊ नयेत, म्हणून या नोंदी. चुका जशा झाल्या तशाच ठेवल्या आहेत.

७ जुलै २०२५

पहिल्या बैठकीत सहा जणांचे सहा विषय निघाले : आयएफआरएस १८ (आंतरराष्ट्रीय लेखा मानक), बीआरएसआर (कंपन्यांचा शाश्वतता अहवाल), ऑडिट ट्रेल (हिशेबातल्या प्रत्येक बदलाची नोंद), भाडेकरारांचे भारतीय लेखा मानक इंड एएस ११६, क्रिप्टोवरचा कर आणि ४३बी(एच). प्रत्येकाला सात मिनिटे, अशी वाटणीही झाली. मार्गदर्शक सरांनी कागद परत दिला : "हे सहा सेमिनार झाले. गटाचा सेमिनार कुठे आहे?" त्यांचे बरोबर होते. या सहा विषयांना जोडणारा धागा "चालू" या एका शब्दापलीकडे नव्हता. टिपणे काढण्यात गेलेले सात तास वाया.

१० जुलै

गाळणीसाठी एकच कसोटी ठेवली : या विषयाचे व्हाउचर, बिल किंवा खतावणीचे पान कोल्हापुरात हातात धरता येईल का?

आयएफआरएस १८ एप्रिल २०२४ मध्ये आले आणि १ जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू होईल. नफा-तोटा पत्रकाची मांडणी त्याने बरीच बदलेल, पण त्यानुसार तयार झालेला ताळेबंद आज दाखवता येत नाही. बीआरएसआर बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांसाठी. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींतल्या बहुतेक युनिटांचा त्याच्याशी संबंध आला तर मोठ्या गिऱ्हाइकाने पाठवलेल्या प्रश्नावलीपुरताच. दोन्ही विषय सोडले. क्रिप्टो आणि भाडेकरारही.

उरले ४३बी(एच) आणि ऑडिट ट्रेल. हे दोन्ही एकाच ठिकाणी भेटतात : ३१ मार्चला धनकोंची (ज्यांचे पैसे द्यायचे आहेत त्यांची) जी यादी निघते, तिथे. बिल कधीचे, माल कधी आला, पैसे कधी गेले आणि मागाहून तारीख कोणी बदलली का? विषय ठरला : "मार्चअखेरची देणी : कर, ताळेबंद आणि एडिट लॉग" (एडिट लॉग म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये राहणारी बदलांची नोंद). विभागातल्या मॅडमनी एक अट घातली, स्लाइडवरचा प्रत्येक आकडा कुठल्या ना कुठल्या बिलापर्यंत मागे नेता आला पाहिजे. पुढे आमच्या बहुतेक चुका या अटीनेच पकडल्या.

१४ जुलै

कलमे मुळातून वाचली. इंटरनेटवरचे सारांश वाचून सुरुवात करू नका. "४५ दिवसांत पैसे द्या" एवढेच बहुतेक ठिकाणी सापडते आणि ते अर्धे आहे. कामाला लागणारे मुद्दे :

लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवस. लेखी करार असेल तर करारातली मुदत, पण ४५ दिवसांच्या आत. पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) ६० किंवा ९० दिवस छापले असले तरी कायदा ४५ च धरतो.

दिवस बिलाच्या तारखेपासून मोजत नाहीत, माल स्वीकारल्यापासून मोजतात. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर पोचल्याचा दिवसच स्वीकृतीचा दिवस. हरकत घेतली, तर पुरवठादाराने ती दूर केल्याचा दिवस.

हे दोन्ही नियम एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायदा, २००६ मधले. आयकर कायद्याचे ४३बी(एच) हे कलम २०२३ च्या वित्त कायद्याने आले आणि करनिर्धारण वर्ष २०२४-२५ (म्हणजे आर्थिक वर्ष २०२३-२४) पासून लागू झाले. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला द्यायची रक्कम या मुदतीबाहेर गेली, तर तिची वजावट प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी. ४३बी च्या इतर खर्चांना विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे भरण्याची सवलत असते. कलम (एच) ला ती नाही. आमच्या पहिल्या टिपणात ती सवलत लिहिली होती, कारण जुन्या पाठ्यपुस्तकात ४३बी सरसकट तसे दिले आहे. खोडली.

मध्यम उद्योग या कलमात येत नाहीत. व्यापारीही नाहीत : २ जुलै २०२१ च्या परिपत्रकाने किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) खुली झाली, पण लाभ प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरता.

१८ जुलै

प्रश्नावली फसली. उद्यमनगर आणि शिरोलीत १४ फॉर्म वाटले, ५ परत आले. पहिलाच प्रश्न होता "तुम्ही एमएसएमई आहात का?" पाचही जणांनी "हो" वर खूण केली. उत्तर खरे, पण निरुपयोगी. सूक्ष्म, लघु की मध्यम, हे त्यातून कळत नाही. उत्पादन, सेवा की व्यापार, हेही नाही.

पुन्हा करायचे असेल तर चार गोष्टी विचारा : उद्यम प्रमाणपत्रावरचा प्रकार (वर्षासह), प्रमाणपत्रावरची मुख्य कृती, गिऱ्हाइकाच्या पीओवर पैशांची मुदत लेखी आहे का, आणि माल पोचल्याची तारीख कुठे नोंदतात : चलनावर, गेटच्या इनवर्ड रजिस्टरला की कुठेच नाही. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. इनवर्ड रजिस्टर नसेल तर पुढचे सगळे गणित अंदाजावर उभे राहते.

वेळ : ६ तास. झेरॉक्सच्या २८ रुपयांशिवाय खर्च नाही.

२२ जुलै

खऱ्या वह्या मागायच्या नाहीत, असे ठरले. धनकोंची यादी हे कुठल्याही धंद्याचे मर्म असते आणि ती विद्यार्थ्यांकडे देणे कोणालाही अवघडच. त्याऐवजी सराव-संच बनवला : कास्टिंग (ओतीव भाग) घेऊन मशीनिंग करणारी एक काल्पनिक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, ९ पुरवठादार, २४ बिले, आर्थिक वर्ष २०२४-२५. पुरवठादार मुद्दाम वेगवेगळे घेतले : दोन फाउंड्र्या, एक पॅटर्न मेकर, एक हीट ट्रीटमेंटवाला, दोन जॉबवर्कवाले, एक भंगार आणि पिग आयर्नचा व्यापारी, एक टूलिंगचा मध्यम उद्योग, आणि ज्याच्याकडून ड्रिलिंग मशीन घेतले तो लघु उत्पादक.

प्रत्येक बिलाला नऊ रकाने : बिल तारीख, माल पोचल्याची तारीख, लेखी हरकत (तारीख), हरकत दूर (तारीख), करारातले दिवस, मूळ रक्कम, जीएसटी, पैसे दिल्याची तारीख, महसुली की भांडवली. हरकतीचे रकाने नंतर लागतील असे वाटले नव्हते, नमुन्यात होते म्हणून राहिले. ते राहिले याचा पुढे फार उपयोग झाला.

२५ ते ३० जुलै

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नऊ तास गेले. संगणकावर टॅलीप्राइम एज्युकेशनल मोडमध्ये होते. त्या मोडमध्ये महिन्याच्या फक्त १, २ आणि ३१ या तारखांची व्हाउचर घेता येतात. २० मार्चचे बिल टाकायला गेल्यावर तारीख स्वीकारलीच जाईना. सुरुवातीला वाटले वर्षाची मुदत चुकली, मग कंपनी नव्याने उघडली, मग पुन्हा सगळे लेजर तयार केले. कारण कळेपर्यंत तिसरा दिवस उजाडला.

बिले १ आणि २ तारखेला सरकवून टाकावीत, असा एक विचार आला होता. तो सोडला. हा विषयच दिवस मोजण्याचा आहे, तारखा सरकवल्या तर उरत काय? शेवटी काम वाटून दिले : दिवसांचे गणित स्प्रेडशीटमध्ये, आणि टॅली फक्त एडिट लॉगच्या प्रात्यक्षिकाला, तेही १, २, ३१ या तारखांच्या व्हाउचरवर. लायसन्स असलेला संगणक मिळत असेल तर आधी त्याची वेळ ठरवून घ्या.

२ ऑगस्ट

स्प्रेडशीट. मुदतीचे सूत्र साधे : स्वीकृतीची तारीख अधिक (करारातले दिवस आणि ४५ यांतला लहान आकडा), करार नसेल तर अधिक १५. तरी उत्तरे विचित्र येत होती. ३ एप्रिलला दिलेले पैसे मार्चमध्ये दिल्यासारखे दिसत होते.

कारण : दोघांच्या लॅपटॉपवर तारखेची मांडणी अमेरिकी पद्धतीची होती. ०३/०४/२०२५ म्हणजे तिथे ४ मार्च. १३ किंवा त्यापुढच्या तारखा मात्र मजकूर म्हणून बसल्या, त्यांची बेरीजच होईना. चूक अर्धीच दिसते, त्यामुळे ती पकडायला वेळ लागतो. महिना अक्षरांत लिहायचा, "०३-एप्रिल-२०२५", असा नियम केला आणि २४ बिलांच्या तारखा दोघांनी समोरासमोर वाचून जुळवल्या. एकाने वाचायचे, दुसऱ्याने खूण करायची, जुनी मुनीमपद्धत. पाच तास गेले, पण त्यानंतर तारखेची एकही चूक निघाली नाही.

६ ऑगस्ट

पहिले उत्तर आले : ३१ मार्च २०२५ ला बाकी असलेली, वरकरणी अमान्य होणारी (म्हणजे या वर्षी करात वजावट न मिळणारी) रक्कम ₹११,३२,८००. हा आकडा पार चुकीचा होता, पण तो कसा उतरत गेला तेच आमच्या सेमिनारचे मुख्य चित्र झाले.

लेजरची बाकी जीएसटीसह असते. इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) घेतले असेल तर तो कर नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून गेलेलाच नसतो, मग अमान्य काय करणार? १८ टक्के काढल्यावर राहिले ₹९,६०,०००.

भंगार आणि पिग आयर्नच्या व्यापाऱ्याचे ₹२,१०,००० वगळले. त्याच्याकडे उद्यम प्रमाणपत्र आहे, पण मुख्य कृती "व्यापार". राहिले ₹७,५०,०००.

टूलिंगवाला मध्यम उद्योग, त्याचे ₹१,००,००० वगळले. राहिले ₹६,५०,०००.

हीट ट्रीटमेंटचे ₹५०,००० चे बिल : काम २० मार्चला मिळाले, करार नाही, मुदत १५ दिवस म्हणजे ४ एप्रिल, पैसे ४ एप्रिललाच दिले. ३१ मार्चला बाकी असली तरी मुदतीत दिलेली, म्हणून खर्च २०२४-२५ मध्येच मान्य. राहिले ₹६,००,०००.

ड्रिलिंग मशीनचे ₹६०,०००. ही भांडवली खरेदी, त्यावर वजावट घसाऱ्याची, मूळ किमतीची नाही. राहिले ₹५,४०,०००.

एक खटकले. मध्यम उद्योग वगळताना आम्ही नवी मर्यादा लावून बसलो होतो आणि तो "लघु" ठरत होता. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा बदलल्या आहेत : सूक्ष्म म्हणजे गुंतवणूक २.५ कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत, लघु २५ आणि १०० कोटी, मध्यम १२५ आणि ५०० कोटी. त्याआधी हेच आकडे १ आणि ५, १० आणि ५०, ५० आणि २५० कोटी होते. आमच्या टूलिंगवाल्याची उलाढाल ८० कोटी धरली आहे. २०२४-२५ ला तो मध्यम, २०२५-२६ ला लघु. म्हणजे पुढच्या मार्चला हीच कंपनी हेच बिल तसेच उशिरा भरेल तर ते अमान्य होईल. धनकोंच्या यादीत उद्यमचा प्रकार एकदा भरून ठेवून चालत नाही. दर वर्षी तपासायला हवा. उद्यम पोर्टलवर नोंदणी क्रमांक टाकून पडताळणी फुकट होते.

११ ऑगस्ट

फळ्यावर मांडायला चार उदाहरणे निवडली. सेमिनारमध्ये नियम सांगण्याऐवजी हीच सोडवून घ्यायची.

पहिले : माल १ मार्चला पोचला, करार ४५ दिवसांचा, मुदत १५ एप्रिल. १२ एप्रिलला पैसे दिले. खर्च २०२४-२५ मध्येच मान्य.

दुसरे : तोच माल, पैसे २० एप्रिलला. २०२४-२५ मध्ये अमान्य, २०२५-२६ मध्ये मान्य. पाच दिवसांचा उशीर, पण खर्च वर्षभर पुढे गेला.

तिसरे : माल १० फेब्रुवारीला, पीओवर ६० दिवस. मुदत ४५ च, म्हणजे २७ मार्च. पैसे ३१ मार्चला दिले. मुदत चुकली, पण वर्ष तेच, त्यामुळे वजावट याच वर्षी. चार दिवसांचे व्याज मात्र लागते.

चौथे : तोच माल, पीओनुसार ६० व्या दिवशी म्हणजे ११ एप्रिलला पैसे दिले. "पीओनुसार वेळेत" असूनही २०२४-२५ मध्ये अमान्य. सरावात सगळ्यांत जास्त उत्तरे इथे चुकली, म्हणून हे उदाहरण दोनदा घ्यायचे ठरले.

१६ ऑगस्ट

व्याज. एमएसएमईडी कायद्याचे कलम १६ : रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. पहिल्या स्लाइडवर दोन चुका होत्या. रेपो दर घेतला होता, बँक दर नव्हे. आणि सरळव्याज काढले होते.

उदाहरण : ₹२,००,००० ची मुदत ७ फेब्रुवारी २०२५ ला संपली, पैसे ७ एप्रिलला दिले. बँक दर ६.५० टक्के, तिप्पट १९.५०, महिन्याला १.६२५ टक्के. पहिल्या महिन्याचे ₹३,२५०, दुसऱ्याचे ₹३,३०२.८१, एकूण ₹६,५५३. रेपो दराने (६.२५) हेच ₹६,२९९ येत होते. बँक दर ९ एप्रिलला ६.२५ आणि ६ जूनला ५.७५ झाला, त्यामुळे आजचा दर मागच्या तारखांना लावू नका. कोणता दर कोणत्या काळाचा, ते स्लाइडवर लिहा.

यापेक्षा मोठी चूक समजुतीची होती. आमच्या मसुद्यात "अमान्य खर्च बुडाला" असे वाक्य होते. बुडत नाही. पैसे दिले त्या वर्षी वजावट मिळते, म्हणजे हा कालभेद आहे, आणि एएस २२ (आयकराच्या हिशेबाचे लेखा मानक) प्रमाणे त्यावर स्थगित कर मालमत्ता (पुढे वाचणाऱ्या कराची ताळेबंदातली नोंद) उभी राहते (पुढे पुरेसा नफा होईल अशी वाजवी खात्री असेल तर). ₹५,४०,००० वर कलम ११५बीएए च्या (कंपन्यांसाठीच्या सवलतीच्या) २५.१६८ टक्के दराने ₹१,३५,९०७. या वर्षी कर जास्त भरायचा, पुढच्या वर्षी तेवढा कमी.

व्याजाचे तसे नाही. एमएसएमईडी कायद्याच्या कलम २३ नुसार हे व्याज आयकरात कधीच वजा होत नाही. तो कायमचा भेद, त्यावर स्थगित कर नाही. एकाच उशिरातून एक कालभेद आणि एक कायमचा भेद निघतो. हिशेबाच्या विद्यार्थ्याला या विषयात शिकण्यासारखे सगळ्यांत मोलाचे आम्हाला हे वाटते. कर सल्ल्याच्या लेखांत ते फारसे येत नाही, कारण तिथे प्रश्न कराचा असतो, ताळेबंदाचा नसतो.

२२ ऑगस्ट

काल, २१ ऑगस्टला, आयकर कायदा २०२५ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. १ एप्रिल २०२६ पासून लागू. कलमांचे क्रमांक बदलतील, आणि "मागील वर्ष" व "करनिर्धारण वर्ष" यांच्या जागी "कर वर्ष" येईल. सगळ्या स्लाइडवर "४३बी(एच), आयकर कायदा १९६१" असे पूर्ण लिहिले. चालू प्रश्नांवर बोलताना कायद्याचे वर्ष लिहिले नाही तर सहा महिन्यांत टिपण जुने होते. वेळ : ४० मिनिटे.

२७ ऑगस्ट ते २ सप्टेंबर

गणेशचतुर्थी ते घरगुती गणपतींचे विसर्जन. काम बंद. वेळापत्रकात हे सात दिवस धरलेच नव्हते. जुलैत आखणी करताना आधी पंचांग बघा.

४ सप्टेंबर

एडिट लॉगचे प्रात्यक्षिक. पहिल्यांदा फसले : नेहमीच्या टॅलीप्राइममध्ये व्हाउचर आधी टाकले, बदलले आणि मग लॉगची सोय चालू केली. आधीचा बदल दिसलाच नाही. नेहमीच्या आवृत्तीत ही सोय चालू-बंद करता येते. एडिट लॉग नावाच्या वेगळ्या आवृत्तीत ती बंदच करता येत नाही. कंपन्यांना नियमाने हवी असते ती दुसरी, कारण १ एप्रिल २०२३ पासून कंपनी जे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरते त्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. लेखापरीक्षकाला त्यावर अहवालात लिहावे लागते. भागीदारी संस्था आणि एलएलपींना (मर्यादित दायित्व भागीदारींना) हा नियम नाही.

दुसऱ्यांदा एडिट लॉग आवृत्तीत : १ मार्चचे खरेदी व्हाउचर, मग तारीख बदलून ३१ मार्च. असा बदल कशासाठी होईल? माल महिनाभर उशिरा आला असे दाखवले की ४५ दिवसांची मुदत मेपर्यंत जाते. लॉगमध्ये दोन्ही रूपे आणि बदलल्याची वेळ दिसते. पडद्यावर हे दाखवायला तीन मिनिटे लागतात आणि ऑडिट ट्रेल समजायला तेवढे पुरते.

इथेच शेड्युल तीनची (कंपनी कायद्यातल्या ताळेबंदाच्या नमुन्याची) जोड घेतली. १ एप्रिल २०२१ पासून कंपनीच्या ताळेबंदात देय रकमांची वयवारी (किती काळ थकल्या याप्रमाणे गट) लागते, एमएसएमई आणि इतर वेगळे. आम्हाला वाटले, या तक्त्यातूनच ४३बी(एच) चा आकडा निघेल. निघत नाही. त्यातला पहिला गट "एक वर्षापेक्षा कमी" असा आहे. पाच दिवसांचा उशीर आणि तीनशे दिवसांचा, दोन्ही एकाच घरात. ४३बी(एच) साठी वेगळा तक्ता ठेवावाच लागतो.

९ सप्टेंबर

रंगीत तालीम. ७१ मिनिटे झाली. कलमे वाचून दाखवण्यात २२ मिनिटे गेली होती. ती काढून दोन पानांचे टिपण केले, वाटायला. एमएसएमई-१ फॉर्मची स्लाइडही काढली. त्यातली एकच ओळ टिपणात ठेवली : ४५ दिवसांवर थकबाकी असलेल्या कंपन्यांसाठी, सहामाही, ३१ ऑक्टोबर आणि ३० एप्रिल. आता ४६ मिनिटे.

१२ सप्टेंबर

टिपणे छापून झाल्यावर चूक सापडली. मॅडमच्या अटीप्रमाणे ₹५,४०,००० चा आकडा बिलाबिलाने मागे नेत होतो. फाउंड्रीच्या ₹९०,००० च्या बिलाला हरकतीचे रकाने भरलेले होते आणि सूत्र ते वाचतच नव्हते.

माल २० फेब्रुवारीला पोचला. मशीनिंगला लावल्यावर काही कास्टिंगमध्ये ब्लोहोल (आतल्या पोकळ्या) निघाले, २८ फेब्रुवारीला लेखी हरकत. फाउंड्रीने १० मार्चला बदलून माल दिला. करार ४५ दिवसांचा. आम्ही २० फेब्रुवारीपासून मोजून मुदत ६ एप्रिल धरली होती, पैसे १५ एप्रिलला, म्हणून अमान्य. पण हरकत १५ दिवसांच्या आत, लेखी. म्हणून स्वीकृती १० मार्चला, मुदत २४ एप्रिल, आणि १५ एप्रिलचे पैसे वेळेत. ₹९०,००० वगळले. राहिले ₹४,५०,०००, स्थगित कर ₹१,१३,२५६.

कास्टिंगच्या धंद्यात हे सर्वांत जास्त लक्षात ठेवण्यासारखे आहे. कास्टिंग वरून चांगले दिसते, दोष आत असतो आणि तो मशीनवर चढल्यावर कळतो. स्टोअरमध्ये माल महिनाभर पडून राहिला आणि मग रिजेक्शन निघाले, तर १५ दिवस उलटून गेलेले असतात. डेबिट नोट पाठवता येते, पण मुदतीचा काटा मागे फिरत नाही. फोनवर सांगितलेली हरकतही चालत नाही, लेखी हवी. माल आल्यापासून दहा दिवसांत नमुन्याचे नग मशीनवर घ्यायचे, एवढी शिस्त असली तरी बराच फरक पडेल.

एक पान पुन्हा छापले. तीन तास गेले.

१८ सप्टेंबर

सादरीकरण. ४८ मिनिटे. चौथ्या उदाहरणावर अपेक्षेप्रमाणे मतभेद झाला आणि तिथे सात मिनिटे गेली, ती सत्कारणी लागली.

प्रश्न आणि दिलेली उत्तरे :

उसाच्या बिलाला हे लागते का? नाही. उसाला वेगळा नियम : ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ नुसार १४ दिवसांत पैसे, नाहीतर वार्षिक १५ टक्के व्याज. हा प्रश्न येणार हे आम्ही ओळखायला हवे होते. कोल्हापुरात "उशिरा बिल" म्हटले की आधी ऊसच आठवतो. या दोन्ही नियमांची तुलना एका स्लाइडवर असायला हवी होती.

गुऱ्हाळाचे काय? गुऱ्हाळमालक गूळ तयार करतो, म्हणून त्याच्या उद्यम प्रमाणपत्रावर "उत्पादन" असू शकते. गुळाच्या व्यापाऱ्याच्या प्रमाणपत्रावर "व्यापार" असेल तर तो बाहेर. दुकानाची पाटी नव्हे, प्रमाणपत्र बघायचे.

खरेदीदार ४४एडी खाली अंदाजित नफा दाखवत असेल तर? मग ४३बी(एच) चा परिणाम होत नाही, कारण ४४एडी हे २८ ते ४३सी ही कलमे बाजूला ठेवून नफा धरते. व्याजाची जबाबदारी मात्र राहते.

मार्चच्या आधी पुरवठादारच बदलावा का, मध्यम उद्योगाकडून माल घ्यावा का? हा प्रश्न दोघांनी विचारला. आमचे मत स्पष्ट सांगितले : ₹४,५०,००० वरचा ₹१,१३,२५६ कर फक्त एक वर्ष आधी भरावा लागतो, तो कायमचा जात नाही. तेवढ्यासाठी चांगला जॉबवर्कवाला सोडणे हिशेबातही बसत नाही. हा कायदा ज्याच्यासाठी केला त्याच्याच हातचे काम त्याच कायद्याचे नाव सांगून काढून घेणे आम्हाला पटत नाही.

२२ सप्टेंबर

खर्च : प्रश्नावली २८, टिपणे ४० प्रती × ४ बाजू × २ रुपये म्हणजे ३२०, पुन्हा छापलेले पान ८०, ए३ रंगीत तारीखपट्टी दोन प्रती १२०, स्पायरल बाइंडिंग तीन प्रती १५०. एकूण ₹६९८, माणशी साधारण ११६.

वेळ : सहा जणांचे मिळून सुमारे ११८ तास. त्यातले वाया : विषयनिवड ७, प्रश्नावली ६, टॅली ९, तारखांची मांडणी ५, पुनर्छपाई ३.

विभागाच्या संगणकावर ठेवलेल्या गोष्टी : २४ बिलांचा सराव-संच (तारखा अक्षरी महिन्यासह), हरकतीचे रकाने वाचणारे दुरुस्त सूत्र, ₹११,३२,८०० पासून ₹४,५०,००० पर्यंतचा उतरता तक्ता, चार उदाहरणे, दोन पानी टिपण. पुढच्या तुकडीने आधी दोन बदल करावेत : टूलिंगवाला "लघु" करून २०२५-२६ चे उत्तर पुन्हा काढणे, आणि नव्या कायद्यातले कलम क्रमांक घालणे. सूत्रातला एक दोष अजून राहिला आहे : एका बिलाचे पैसे दोन हप्त्यांत दिले तर ते फक्त शेवटची तारीख धरते. तोपर्यंत अशा बिलाच्या दोन वेगळ्या ओळी करा.